स्वयंपाकघराला क्रीम रंग : निवड आणि निगा



लग्नसराई जवळ आली की आपल्या व्यापारी घरांतून दुकानाच्या रंगरंगोटीआधी स्वयंपाकघराचा विषय निघतो. नवी सून येणार, पाहुण्यांची वर्दळ होणार आणि वर्षानुवर्षे तेलाने काळवंडलेल्या कडप्प्याच्या मांडण्या आता कोणालाच नको असतात. कन्हान, कामठी आणि रामटेक परिसरातील ज्या भगिनींनी या सदराच्या निमित्ताने माझ्याकडे विचारणा केली, त्यांतील बहुतेकींचा प्रश्न एकाच रंगाविषयी होता. ट्रॉल्या आणि कपाटे क्रीम रंगाची करावीत असे मुलांच्या मनात असते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, चार महिन्यांत त्याचे पोतेरे होईल. मग खरे कोणाचे मानावे?

माझे मत मुलांच्या बाजूने आहे. मात्र मुलांचे कारण आणि माझे कारण एक नव्हे. मुलांना तो रंग डोळ्यांना सुखावणारा वाटतो, आणि तो तसा आहेही. माझे कारण असे की, क्रीम पृष्ठभागावर मुंगीची रांग, तेलाचा ओघळ, बुरशीचा ठिपका किंवा वाळवीच्या मातीची रेघ त्याच दिवशी नजरेस पडते. ज्या घरात कीटकनाशक फवारायचे नाही असे ठरलेले आहे, त्या घरात वेळीच दिसणे हाच पहिला उपाय असतो. गडद तपकिरी किंवा काळसर सनमायकावर मळ तेवढाच बसतो, तो केवळ लपून राहतो. आणि लपलेल्या मळात पुढे जे निर्माण होते त्याची आपल्याला धास्ती असते. वडीलधाऱ्यांच्या शंकेतही तथ्य आहे. क्रीम रंग निवडला आणि पुसण्याची शिस्त निवडली नाही, तर पोतेरे होते हे खरेच.

आपल्या कन्हानची परिस्थिती आधी लक्षात घ्यावी, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. गावाभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. गोंडेगाव, इंदर, कामठी ही नावे आपल्याला पाठ आहेत. कोळशाने भरलेले ट्रक रस्त्याने जातात, राष्ट्रीय महामार्ग ४४ ची वाहतूक दारातून वाहते, आणि थोड्याच अंतरावर खापरखेडा व कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रे आहेत. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले तर बोट काळे होते, हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ही काजळी तेलाच्या वाफेशी मिसळली की तिचा जो काळा चिकटा तयार होतो, तो निव्वळ धुळीसारखा झटकून जात नाही. म्हणून येथे क्रीम रंग घेणाऱ्याने निवडीपेक्षा निगेचा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट आपल्या घरांच्या रचनेची. बाजारपेठेतील जुनी घरे लांबट असतात. पुढे दुकान, मध्ये गोदाम किंवा बैठक, आणि स्वयंपाकघर अगदी मागे. त्याला एखादी खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीसमोर. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत सायंकाळचा स्वयंपाक चार-साडेचारच्या सुमारास सुरू होतो. थंडीच्या दिवसांत तेव्हाच अशा खोलीत अंधारून येते. धान्य निवडताना, पीठ चाळताना, भाजी चिरताना उजेड कमी पडला तर काय राहून जाते हे मी वेगळे सांगायला नको. फिकट रंगाची कपाटे मिळालेला उजेड परत फेकतात, गडद कपाटे तो शोषून घेतात. अशा खोलीत क्रीम रंग हा हौसेचा भाग राहत नाही, सोयीचा होतो.

मग पांढराच का नको? पांढराशुभ्र रंग अधिक उजेड देतो. परंतु तो काळाबरोबर पिवळसर पडतो, आणि पांढऱ्यावर आलेला पिवळेपणा जुनाट दिसतो. क्रीममध्ये मुळातच पिवळ्याची छटा असल्याने हा फरक पचून जातो. शिवाय आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात पांढऱ्या पृष्ठभागाची तिरीप डोळ्यांना लागते. क्रीममध्येही निवड करताना हिरवट किंवा फार पिवळ्या छटेकडे जाऊ नये. साजूक तुपाचा रंग थिजल्यावर जसा दिसतो, त्याच्या जवळची छटा बरी.

रंगाचा आणि किड्यांचा संबंध मीच जोडते आहे असे कोणी समजू नये. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचा आरंभ जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली झाला असे मानतात. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुविशारदाने तेथील सरकारी वसाहतींसाठी सुमारे ६.५ चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या कोठीच्या खोलीएवढे स्वयंपाकघर आखले. ओटा, कपाटे, धान्याचे खण असे सगळे हाताच्या अंतरावर. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसवण्यात आली. त्यांतील कपाटांना निळसर-हिरवा रंग दिला जाई, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. माश्यांना ती समजूत मान्य होती की नाही हे सोडून द्या. पण शंभर वर्षांपूर्वीही स्वयंपाकघराचा रंग ठरवताना शोभेआधी जीवजंतूंचा विचार झाला, याचे मला कौतुक वाटते.

आता एक घडलेली हकीकत सांगते. कन्हानमधीलच एका धान्यव्यापारी कुटुंबाने मुलाच्या लग्नाआधी क्रीम रंगाचे सुंदर स्वयंपाकघर करून घेतले. समोरून पाहता खोट काढायला जागा नव्हती. आतील डबे मात्र भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे होते आणि शटरवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा तापवून चिकटवलेला होता. दोन पावसाळे गेले. सिंकखालच्या पाइपाच्या जोडातून थेंब-थेंब पाणी झिरपत राहिले. तळाचा बोर्ड फुगून पुरीसारखा उमलला, कडेचा पापुद्रा सुटला आणि त्या फटीत झुरळांनी बिऱ्हाड केले. बसवून देणाऱ्याने सांगितले, औषध मारून घ्या, वर्षाची हमी देतो. घरातील आजी एवढेच म्हणाल्या, "औषध मारलं, तर त्या ओट्यावरचं पाणीसुद्धा मी घेणार नाही." आणि त्यांनी मागच्या ओसरीत स्वतःची वेगळी शेगडी मांडली. सून दोन्हीकडे स्वयंपाक करू लागली. मुलगा म्हणे, आजी हट्टी आहे. आजी म्हणत, मी कोणाला काही म्हटले आहे का? घरात भांडण झाले नाही, पण सहा महिने ते घर एका पंगतीला बसले नाही. शेवटी सिंकखालची कपाटे उघड्या माळावर नेऊन सोडवली, फळ्या एकेक करून हलक्या हाताने झटकल्या, आणि त्या जागी पोलादी सांगाडा बसवला. झालेला खर्च दुप्पट, आणि तो टाळता येण्यासारखा होता. दोष रंगाचा नव्हताच. मात्र गावात बोलबाला झाला तो "क्रीम रंग टिकत नाही" असा.

म्हणून शटरचा रंग पाहण्याआधी डब्याचा जिन्नस पाहावा. बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही दुकानाची पाटी पाहत नव्हतो, तारण पाहत होतो. येथे आतला डबा हेच तारण आहे. प्लायवुडवर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ या मानकात दोन प्रती येतात. एक ओलसरपणा काही प्रमाणात सोसणारी, आणि दुसरी उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारी. आयएस ७१० म्हणजे ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात ते. त्याच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. सिंकखाली आणि सिंकलगतच्या डब्याला आयएस ७१० किंवा चांगल्या प्रतीचे पोलाद, आणि उरलेल्या ठिकाणी आयएस ३०३ ची उकळते पाणी सोसणारी प्रत, एवढी विभागणी केली तरी पैसा योग्य जागी पडतो. नागपूरच्या लकडगंजमधील व्यापाऱ्याकडून तळहाताएवढा तुकडा मागून आणावा आणि जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात चार तास उकळावा. थर सुटले नाहीत तर माल घ्यावा. आपण तांदळाची मूठ शिजवून पाहिल्याशिवाय पोते घेत नाही, मग येथे संकोच कशाला? एमडीएफ नावाचा गुळगुळीत बोर्ड रंगकामाला उत्तम असतो, पण पाण्याशी त्याचे वैर आहे. तो वरच्या कपाटांच्या शटरपुरता ठेवावा. बोर्ड नवा असताना त्यातील रसायनाचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो. कपाटे बसवल्यावर पंधरवडाभर दारे उघडी ठेवून मगच धान्य भरावे.

खर्चाचा हिशेब आपल्या वाचकांना मी शिकवावा असे नाही, तरी एक उदाहरण मांडते. समजा, साधा संच १,२०,००० रुपयांत होतो आणि सहा वर्षे चालतो. पक्का संच २,००,००० रुपयांत होतो आणि अठरा वर्षे चालतो. पहिल्याचा वर्षाचा भार २०,००० रुपये, दुसऱ्याचा सुमारे ११,१००. वरच्या ८०,००० रुपयांवर सात टक्क्यांनी बुडालेले व्याज ५,६०० धरले तरी दुसरा संच वर्षाला १६,७०० च्या आसपास पडतो. पैसा कमी असेल तर कपाटांची संख्या कमी करावी, जिन्नस हलका करू नये. भिंतीभर कपाटे हवीतच असे कोठे आहे? आणि पक्के बिल घ्यावे. व्यापाऱ्याच्या घरात कच्च्या चिठ्ठीवर दोन लाखांचे काम होते, हे मी पाहिले आहे आणि मला ते कधीच पटले नाही.

आता वरच्या आवरणाकडे येऊ. आपण सर्रास ज्याला सनमायका म्हणतो ते खरे तर एका छापाचे नाव. वस्तू आहे लॅमिनेट, म्हणजे राळेत भिजवून उष्णता व दाबाखाली एकजीव केलेले कागदाचे थर. याच घराण्यातील फॉर्मायका अमेरिकेत १९१२ च्या सुमारास निघाले, तेही स्वयंपाकघरासाठी नव्हे. विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी. लॅमिनेटचे मधले थर गडद तपकिरी असतात, रंगीत कागद केवळ वरचा. त्यामुळे क्रीम शटरच्या कडेला एक काळपट रेघ दिसते. गडद रंगावर ती कळत नाही, क्रीमवर मात्र डोळ्यांत खुपते, आणि काही महिन्यांनी गृहिणी ती मळाची समजून घासत बसते. कडांना त्याच छटेची पट्टी यंत्राने बसवून घेतली तर रेघही झाकते आणि पाणीही आत जात नाही. शटरला एक मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट असावे. डब्याच्या आतील बाजूसही फिकट रंगाचेच अस्तर घ्यावे. सुतार उरलेला गडद माल आत लावून टाकण्यास उत्सुक असतो, त्याला तेवढे स्पष्ट सांगावे.

चकचकीत घ्यावे की मंद? चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे लगेच उठतात. खोल खरबरीत नक्षी असेल तर तिच्या खाचांत तेल शिरून बसते. गुळगुळीत पण झळाळी नसलेला मंद प्रकार आपल्या वापराला योग्य. पीयू रंग दिसायला देखणा खरा, पण टवका उडाला तर घरी दुरुस्ती होत नाही. नुकतीच सांगितलेली पापुद्र्याची शटरे शेगडीजवळ नकोतच.

नमुना पुस्तकातील बोटभर चौकोन पाहून निर्णय करू नये. मोठा तुकडा मागून घ्यावा, आपल्याच स्वयंपाकघरात दुपारी पाहावा आणि दिवा लावूनही पाहावा. पिवळट प्रकाशाच्या दिव्याखाली क्रीम रंग हळदीसारखा दिसू लागतो. त्याच तुकड्यावर हळद कालवलेल्या तेलाचा थेंब रात्रभर ठेवून सकाळी पुसावा. जे उत्तर मिळेल ते विक्रेत्याच्या शब्दापेक्षा खरे असेल. सगळे पत्रे एकाच लॉटचे घ्यावेत. कापडाच्या व्यापाऱ्यांना हे सांगणे नको. दोन लॉटच्या छटा शेजारी शेजारी आल्या की रंग एकच असूनही जोड दिसतो.

एका गोष्टीची विचारणा आपल्या घरांत पूर्वी आवर्जून होत असे, आता होत नाही. जुने सुतार विस्तवावर जो सरस वितळवून लाकूड जोडत, तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला असे. १९५९ साली बळवंत पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणले आणि तो त्रास संपला; पारेख मूळचे सौराष्ट्रातील महुव्याच्या जैन कुटुंबातील, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे. डिंकाचा प्रश्न असा सुटला, ब्रशाचा मात्र राहिला आहे. रंगकामाचे स्वस्त ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे मिळतात, मागितले तर मिस्त्री आणतो.

बसवताना तळाच्या कपाटांचे लाकूड जमिनीला टेकू देऊ नये. प्लॅस्टिकचे चार इंची पाय आणि त्यांच्यापुढे खटका दाबून काढता येणारी पट्टी, अशी व्यवस्था करावी. दर रविवारी पट्टी काढली की आत पुंजणी फिरवता येते. हे पाय नसतील तर कपाटाखालची जागा बसवल्या दिवसापासून आपल्या नजरेआड जाते, आणि पुढे तेथे काय चालले आहे हे कळते ते उशिरा. भिंत आणि ओटा, ओटा आणि कपाट यांच्यामधील प्रत्येक फट सिलिकॉनने भरून घ्यावी. झुरळाला काही मिलिमीटरची फट पुरते. फटच नसेल तर ते बिऱ्हाड दुसरीकडे शोधते. मारण्याचा प्रसंगच आपल्यावर येत नाही.

निगेविषयी बोलायचे तर पहिला शत्रू तेल. फोडणीची वाफ वर जाऊन वरच्या कपाटांवर बसते हे सर्वांना माहीत आहे. ती कालांतराने घट्ट का होते हे फार थोड्यांना माहीत असते. काही तेले हवेतील प्राणवायू शोषून सुकतात आणि त्यांचा व्हार्निशसारखा थर बनतो. विदर्भात आवडीने खाल्ले जाणारे जवसाचे तेल यात सर्वांत पुढे. चित्रकार तैलरंगात तेच वापरतात, ते याच गुणामुळे. सोयाबीनचे तेल त्याच्या मागोमाग, शेंगदाण्याचे तेल मात्र जवळजवळ सुकत नाही. म्हणजे जेथे सोयाबीन किंवा जवस वापरतात तेथे वरची शटरे आठवड्याच्या आत पुसली गेलीच पाहिजेत. ताजे तेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून भिजवलेल्या फडक्याने निघते. महिनाभर राहिलेला थर निघत नाही. मग तारेची घासणी हाती येते, आणि तिने पडलेल्या ओरखड्यांत पुढचे तेल कायमचे मुरते. क्रीम रंग खराब झाला असे जेथे म्हणतात, तेथे बहुधा हेच घडलेले असते.

कन्हानमध्ये पुसण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम कोरड्या, मऊ फडक्याने काजळी उचलावी, न दाबता. त्यानंतरच ओले फडके. आधीच ओले फडके फिरवले तर कोळशाच्या धुळीचा लेप होतो आणि तो कडेच्या सांध्यांत जाऊन बसतो. राखेचे कण काचेसारखे असतात. ते दाबून घासले की पृष्ठभागाला पॉलिश कागद फिरवल्यासारखे होते. शेवटी कोरडे फडके पुन्हा फिरवावे, विशेषतः खालच्या कडांवरून. हे सगळे करायला रोज आठ-दहा मिनिटे लागतात, मी घड्याळ लावून पाहिले आहे.

हळदीच्या डागाने घाबरून जाऊ नये. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. साबण-सोड्यानेही तेच घडते, डाग पिवळ्याचा लालसर होतो आणि गृहिणी अधिक जोराने घासू लागते. साध्या पाण्याने आणि लिंबाच्या पाण्याने तो पुन्हा पिवळा होतो. उरलेली पिवळी छटा उन्हाने जाते, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. खटक्याची बिजागरी असेल तर शटर काढून तासभर कोवळ्या उन्हात ठेवावे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही लिंबाने निघतात. शिरका आपल्यापैकी अनेकांच्या घरी येतच नाही आणि त्याची गरजही नाही. मात्र लिंबू कडप्प्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नये, ते दगड आम्लाने खाल्ले जातात. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

मुंग्या दिसल्या तर आधी पुंजणीने त्यांना अलगद सुपलीवर घेऊन बाहेर सोडावे, आणि मग त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसावी. मुंगी आपल्या मागे वासाची रेघ सोडते आणि बाकीच्या त्या रेघेने येतात. रेघ गेली की येणे थांबते. क्रीम शटरवर ही वाट पहिल्या चार मुंग्यांतच दिसते, काळ्या शटरवर चाळीस झाल्या तरी दिसत नाही. तमालपत्र, कापूर, कडुनिंबाची पाने ठेवण्यास माझी हरकत नाही, पण भरवसा मी त्यांच्यावर ठेवत नाही. रात्री सिंक कोरडे पुसणे, उष्टे घरात न ठेवणे आणि ओले फडके कपाटाच्या आत न कोंबणे, ही तीन कामे ज्या घरात होतात तेथे झुरळे फारशी येत नाहीत. आपल्याकडे सायंकाळचे भोजन लवकर आटोपत असल्याने ही आवराआवर करण्यास पुरेसा वेळही असतो.

येथे एक प्रश्न मला विचारावासा वाटतो, आणि तो घरातील पुरुषांना आहे. हे पुसायचे कोणी? क्रीम रंगाचा आग्रह बहुतेक घरांत मुलगा धरतो, पैसे वडील देतात आणि फडके सुनेच्या हाती येते. दुकानाची काच रोज सकाळी मालक स्वतः पुसतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. वरच्या कपाटांना स्टुलावर चढून हात पोहोचवावा लागतो. ते काम गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंचे नव्हे, आणि दिवसभर राबलेल्या सुनेचे एकटीचेही नव्हे. जेथे आठवड्यातून एक दिवस घरातील पुरुष वरची शटरे पुसणार असतील तेथे क्रीम रंग खुशाल घ्यावा. तेवढी तयारी नसेल तर मध्यम करडा रंग घेऊन मोकळे व्हावे; निदान कोणा एकीच्या माथी दोष तरी येणार नाही.

पावसाळ्याचे मात्र वेगळे पाहावे लागते. चातुर्मासात बुरशीची काळजी आपण अन्नाबाबत घेतो तेवढीच कपाटांबाबत घ्यावी, कारण आपल्या परंपरेने तिला अनंतकाय मानले आहे; ती आल्यावर पुसणे म्हणजे विराधनाच. आषाढ लागण्यापूर्वी सगळे डबे रिकामे करून कपाटांना दोन दिवस हवा द्यावी, सिंकखालच्या पाइपांचे जोड हाताने चाचपून पाहावेत आणि तेथे जुन्या वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवावा. थेंब पडला तर कागदावर डाग उमटतो आणि त्याच दिवशी नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावता येते. ज्या कुटुंबाची हकीकत वर सांगितली, त्यांच्याकडे आता असा कागद असतो. तो रोज सकाळी आजीच पाहतात.

काम पूर्ण झाल्यावर त्याच लॉटचा एक पत्रा आणि कडेच्या पट्टीचे चार-पाच मीटर मागून ठेवावेत. पुढे एखादे शटर बदलावे लागले तर ती छटा बाजारात मिळेलच असे नाही. पत्रा उभा ठेवला तर वाकतो. तो माळ्यावर आडवा, सपाट ठेवावा, आणि मागच्या बाजूस छटेचा क्रमांक, लॉट व बिलाची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी.